बावीस मासे, चार नावं

१

मंगळवारी सकाळी सात वाजता मी मासेघराचं दार उघडलं, तर सात नंबरच्या टाकीतले बावीसच्या बावीस मासे पोट वर करून तरंगत होते. बाकी भिंतभर साडेतीनशे टाक्यांमधले मासे मात्र मला बघून नेहमीसारखे खायला मागत पुढे आले. मी टाकीला हात टेकला आणि तिथेच स्टुलावर बसले.

मी संध्या मोहोळकर. वय एकसष्ट, तोंड जरा फटकळ. शिकागोच्या एका विद्यापीठात गेली अठरा वर्षं मासेघर सांभाळते. मासे म्हणजे झेब्राफिश, बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळे पट्टे. त्यांचं अंडं काचेसारखं आरपार दिसतं आणि दुसऱ्याच दिवशी आत इवलंसं हृदय धडधडायला लागतं. आमच्या प्रोफेसर लिंडग्रेनबाई त्यावरूनच शोधतात, की गर्भात हृदय घडताना कुठला जीन बिघडला की बाळ सदोष हृदय घेऊन जन्माला येतं.

सात नंबरची टाकी त्यासाठीच होती. डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत मृणालिनी राहते, आमच्या महाराष्ट्र मंडळातली. तिचा सहा वर्षांचा ऋषी ज्या जीनमुळे आजारी आहे, तोच जीन त्या बावीस माशांत बिघडलेला होता. जगात दुसरीकडे कुठेही तसे मासे नव्हते. तीन वर्षं खपून आश्लेषाने ते मिळवले होते. इतर टाक्यांना फिरतं पाणी असतं. ही टाकी मुद्दाम वेगळी, साठवलेल्या पाण्याची ठेवली होती, म्हणून बाकीचे वाचले.

आदल्या दिवशी दसरा होता. २००६ सालचा दसरा सोमवारी आला होता. दरवर्षीप्रमाणे संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत सूक्ष्मदर्शकांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिले, घरच्या घटातलं तीर्थ शिंपडलं, सगळ्यांना पेढे दिले. मृणालिनीही फुलं घेऊन आली होती. मासेघरात मात्र मी फुलाची पाकळीसुद्धा जाऊ देत नाही. दारावर माझ्या हातची पाटी आहे: तांबं, पितळ, अत्तर, साबण आत आणू नये. तांब्याचा अंशही माशांना विष. लिंडग्रेनबाईंच्या सांधेदुखीचं तांब्याचं कडंसुद्धा मी दारात काढून ठेवायला लावते.

बाई आल्या, टाकीजवळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "संध्या, सिक्युरिटीवाल्यांना यातलं काही कळणार नाही. तू या सगळ्यांना ओळखतेस. कोणी केलं ते मला शुक्रवारी चारच्या आत सांग. ज्याने केलं, तो माझ्या लॅबमध्ये राहणार नाही."

मासेघराचं दार कार्डाने उघडतं. रविवार संध्याकाळपासूनची यादी मी काढली. चार नावं होती. आश्लेषा, प्रसन्न, अमेय आणि मी.

पेन घेतलं आणि पहिल्यांदा माझं नाव खोडलं.

२

आश्लेषा रडून रडून लाल झाली होती. पुण्याची पोर, एरवी मोठी करारी.

"काकू, मी दुपारी बाराला खाद्य घातलं तेव्हा सगळे जिवंत होते. पण मरगळलेले वाटले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. ऋषीच्या आईला काय सांगू मी? तिला वाटतं या माशांतून तिच्या मुलाचं औषध निघणारे."

"लगेच निघणार नाहीये, हे तिला सांगितलं होतंस ना?"

"चार वेळा सांगितलं. ती ऐकते आणि मान हलवते. आणि जाताना विचारते, ऋषीचे मासे बरे आहेत ना?"

तिने टाकीचं पाणी बाटलीत भरून ठेवलं होतं, गाळही गाळून घेतला होता. वहीच्या पानावर चिकटपट्टीखाली एक दाणा दाखवला. भिजून फुगलेला, गुलाबीसर.

"हे तळाशी सापडलं. अमेय नाही का, मनाला येईल ते नवीन खाद्य आणत असतो?"

"असेल गोळीखाद्य," मी म्हटलं आणि वही मिटली. अठरा वर्षं माशांना खायला घालते मी. त्या आकाराची गोळी आमच्याकडे कधी आलीच नाही, हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

प्रसन्न म्हणजे मिश्कील माणूस. त्याचं आणि आश्लेषाचं उबवणपेटीतल्या जागेवरून गेल्याच आठवड्यात कडाक्याचं वाजलं होतं.

"काकू, मला संशयित करताय? वा! मी काल पावणेतीनला आत गेलो, माझे मासे मोजले, बाहेर आलो. भांडण जागेवरून होतं यार, माशांशी माझं काय वैर? उलट मदत करतो. पाणी टेस्ट केलंय का कुणी?"

आम्ही दोघांनी मिळून केलं. क्लोरीन नाही. अमोनिया नाही. तिसरी पट्टी बुडवली आणि बघता बघता तिचा रंग गडद होत गेला.

प्रसन्नचा चेहरा उतरला. "कॉपर आहे, काकू. आणि थोडंथोडकं नाही."

मासेघराचे सगळे नळ प्लास्टिकचे आहेत. आत तांबं येण्याचा रस्ताच नाही. आम्ही दोघांनीही एकदमच मागे वळून बघितलं. अमेयच्या टेबलावर निळ्या खड्यांची बाटली होती. मोरचूद. म्हणजे तांबंच.

३

अमेय नागपूरचा, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाचा. माशांच्या पिल्लांच्या अंगावरच्या बारीक पेशी मोरचुदाने मारायच्या आणि त्या पुन्हा कशा उगवतात ते बघायचं, हे त्याचं काम. ती बाटली त्याच्याकडे असणारच होती. त्यात काही वावगं नव्हतं. वावगं झालं ते त्याच्या उत्तरात.

"सोमवारी मासेघरात गेला होतास?"

"संध्याकाळी तुमच्या पूजेला आलो होतो ना काकू. पेढा खाल्ला. आत नाही गेलो."

"आणि सकाळी?"

"सकाळी आलोच नव्हतो."

मी यादी पुढे केली. सोमवार, सहा वाजून दहा मिनिटं, अमेय. "कार्ड खोटं बोलतं का रे?"

त्याचे कान लाल झाले. 

"अमेय, सात नंबरला हात लावलास का?"

"काकू, मी मासे मारले नाहीत. आईशप्पथ. याच्यापुढे काही विचारू नका, प्लीज."

आता सांगा, कोणाला काय वाटेल? खरं बोलणारा मुलगा असा बोलतो का? मला त्याचा इतका राग आला! तीन दिवाळ्या हा माझ्या घरी जेवलाय. याच्या चकल्या मी वेगळ्या काढून ठेवते. आणि तोंडावर खोटं बोलतो?

मी तशीच उठले आणि लिंडग्रेनबाईंच्या खोलीत गेले. तांबं सापडलं हे सांगितलं, मोरचूद सांगितलं, सहा वाजून दहा मिनिटं सांगितलं. शेवटी म्हटलं, "तो खोटं बोलतोय."

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "शुक्रवारी चारला मी त्याला पत्र देईन. लॅब गेली की त्याची जागा जाईल, जागा गेली की व्हिसा. तुला खात्री आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

दाराबाहेर अमेय उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला बिचाऱ्याने. म्हणाला, "काकू, बाबांना तुम्ही फोन कराल का? माझ्याच्याने नाही होणार."

४

गुरुवारी संध्याकाळी घरी आले ती अंगात ताप आल्यासारखी. पुरुषोत्तम, म्हणजे आमचे हे, खिडकीतल्या तुळशीला पाणी घालत होते. रिटायर झाल्यापासून तुळस त्यांच्या ताब्यात आहे.

"काय गं, यंदा घटाचं पाणी तुळशीला घातलं नाहीस?"

"लॅबमध्ये शिंपडलं."

"सगळं? कलश तर भरलेला होता. दरवर्षी अर्धं घरी आणतेस. मोरीत तर ओतलं नाहीस ना?"

"काहीतरीच काय! तीर्थ मोरीत ओतेन का मी? पायदळी येईल अशा जागी घालत नाहीत ते."

बोलले आणि स्वयंपाकघरात गेले. कुकर लावायला तांदूळ काढले. तांदळाचे दाणे बोटांत आले आणि मी वाटी तशीच खाली ठेवली.

चिकटपट्टीखालचा तो दाणा. फुगलेला, गुलाबीसर. ती अक्षता होती. कुंकू लावलेला तांदूळ. घटस्थापनेच्या दिवशी माझ्याच हाताने कलशात टाकलेला.

देवघरातला कलश मी उजेडात आणला. आत हिरवट कड आली होती. नऊ दिवस त्यात पाणी, सुपारी, नाणं, हळद. तांब्याचा कलश. दसऱ्याच्या सकाळी घट उठवला, तेव्हा ते पाणी मी संत्र्याच्या रसाच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून लॅबमध्ये नेलं. मोठ्या हुशारीने कलश घरी ठेवला, कारण लॅबमध्ये तांबं नको! पाण्यात तांबं उतरतं, हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? बी. एस्सी. झालेली बाई आहे मी. पण ते तीर्थ होतं. ते पाणी आहे, हेच माझ्या डोक्यात आलं नाही.

पण टाकीत ते मी घातलं नव्हतं. मग कोणी घातलं?

इथे एक गोष्ट कबूल करते. तुमच्यापासून लपवली, बाईंपासून लपवली, आणि खरं सांगायचं तर स्वतःपासूनही लपवली. यादीत माझं नाव दोनदा होतं. मंगळवार सकाळी सात. आणि सोमवार संध्याकाळ, पाच वाजून वीस मिनिटं. पूजेनंतरची.

पेढे वाटून झाल्यावर मृणालिनीने माझा हात धरला होता. "काकू, एकदाच बघू द्या ना. ऋषीचे मासे. लांबूनच बघते." बाहेरच्या माणसाला आत न्यायची सक्त मनाई आहे. पुढच्या महिन्यात तिच्या पोराचं ऑपरेशन. दसऱ्याच्या दिवशी तिला नाही कसं म्हणू? मी माझ्या कार्डाने दार उघडलं, सात नंबर दाखवला आणि स्वतः बाहेर पॅसेजमध्ये पहारा देत उभी राहिले, कोणी येत नाही ना बघायला. दोन मिनिटं. फार तर तीन.

आणि उरलेल्या तीर्थाची बाटली मी तिला आधीच दिली होती. "घरी ने, ऋषीच्या डोळ्यांना लाव."

मी फोन उचलला.

५

"मृणाल, अगं, तीर्थ पुरलं का घरी?"

"अय्या काकू, घरी कुठे नेलं!" तिचा आवाज इतका आनंदी होता. "तुम्हाला सांगायचंच राहिलं. तुम्ही बाहेर होतात ना, तेव्हा मी सगळं त्यांनाच घातलं. ऋषीच्या माशांना. म्हटलं, त्याचं दुखणं हे मुके जीव अंगावर घेऊन बसलेत, पहिला मान त्यांचा. चूक नाही ना केली? झाकण बंद केलं हं नीट."

मागे ऋषीचा आवाज आला, "आई, इज इट संध्याआजी? आस्क हर अबाउट माय फिश!"

मी डोळे मिटले. 

"काकू? ऐकताय ना?"

"ऐकतेय. बरं केलंस हो," मी म्हटलं. "बरं केलंस."

फोन ठेवला आणि भिंतीला टेकून रडले. पुरुषोत्तम शेजारी येऊन बसले. मी त्यांना सगळं सांगितलं.

"तिचं नाव सांगशील?" त्यांनी विचारलं.

"नाही सांगितलं तर अमेय जातो. सांगितलं तर ती जन्मभर स्वतःला खात बसेल. आणि उद्या ऑपरेशनमध्ये काही कमीजास्त झालं तर? ती म्हणेल, मीच हाताने घालवलं."

"मग?"

"मग काय? यादीत चौथं नाव आहे की."

६

शुक्रवारी तीन वाजता मी बाईंच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. आश्लेषा, प्रसन्न, अमेय. बाईंच्या टेबलावर बंद पाकीट होतं. मी कलश पिशवीतून काढून त्याच्या शेजारी ठेवला.

"हा आमच्या देवघरातला कलश," मी म्हटलं. "नऊ दिवस यात पाणी होतं. प्रसन्न, काल रात्रभर मी यात साधं पाणी ठेवलंय. बुडव पट्टी."

त्याने बुडवली. रंग चढायला लागला.

"हे एका रात्रीचं. नऊ दिवसांचं, त्यात सुपारी आणि हळद घातलेलं किती असेल, तुम्हीच सांगा. आश्लेषा, तुझ्या वहीतला दाणा काढ. ती गोळी नाही. तो तांदूळ आहे, कुंकवाचा. मोरचुदाच्या बाटलीतून अक्षता पडत नाहीत. आणि सोमवारी संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी मासेघराचं दार माझ्या कार्डाने उघडलं. चौदा तासांच्या आत सगळे मासे मेले होते. ते नाव मी पहिल्या मिनिटाला खोडलं, म्हणून चार दिवस कोणाला दिसलं नाही."

 आश्लेषा माझ्याकडे अशी बघत होती, की मला वाटलं हिने दोन थोबाडीत दिल्या तर बरं.

"काकू, तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही तर बाईंचं तांब्याचं कडंसुद्धा..."

"हो गं. मीच."

लिंडग्रेनबाई यादी पुन्हा पुन्हा वाचत होत्या. "संध्या, मी तुला अठरा वर्षं ओळखते. तू त्या टाकीत नळाचं पाणीसुद्धा तपासल्याशिवाय घालत नाहीस. हे तू स्वतः ओतलंस?"

"पाणी माझं होतं, कार्ड माझं होतं, दार मी उघडलं," मी म्हटलं. "आणि या मुलाला खोटारडा मी ठरवलं. त्याच्याआड मी चार दिवस उभी होते. हे त्या माशांपेक्षा मला जास्त लागतंय. माफ कर रे, अमेय."

 बाईंना कळलं होतं की एक वाक्य मी गाळलंय. त्यांनी विचारलं नाही. पाकीट उचललं, मधोमध फाडलं आणि म्हणाल्या, "महिनाअखेरीस किल्ल्या आणून दे."

तेवढ्यात अमेय उठला. "मॅम, वन मिनिट," म्हणाला आणि धावतच बाहेर गेला. आला तेव्हा त्याच्या हातात काचेची उथळ बशी होती, झाकणावर त्याच्याच दुसऱ्या प्रयोगाचं नाव.

"सोमवारी सकाळी मी सात नंबरमधली अंडी घेतली होती. आश्लेषाला न विचारता. मला एक आयडिया ट्राय करायची होती आणि ती नाही म्हणाली असती. मग मासे मेले आणि मी घाबरलो. मी तिथे होतो म्हटलं असतं तर सगळं माझ्यावरच आलं असतं." तो आश्लेषाकडे वळला. "अंडी घालून थकले होते, म्हणून ते दुपारी दमलेले दिसले तुला. आय ॲम रिअली सॉरी. एकसष्ट आहेत. सगळ्यांत नसेल, पण बऱ्याच जणांत तो जीन असणार."

आश्लेषाने बशी त्याच्या हातातून ओढूनच घेतली आणि सूक्ष्मदर्शकाकडे पळाली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला. "पोहताहेत! अरे, पोहताहेत! गाढवा, लेबल तरी खरं लावायचंस!"

मग तिथेच खुर्चीत बसून ती हुंदके देऊन रडली, आणि प्रसन्नने तिला माझ्या डब्यातला उरलेला पेढा नेऊन दिला.

७

रविवारी मी मृणालिनीकडे गेले. जावं की नाही, डेव्हनवर दोन चकरा मारल्या, मिठाईच्या दुकानाबाहेर गाडी लावून बसले. शेवटी गेले.

ऋषी सोफ्यावर मासे काढत बसला होता, निळ्या खडूने. त्याचे ओठही जरा निळसरच असतात. मृणालिनीने चहा ठेवला, पोह्यांवर खोबरं घातलं.

"काकू, तुम्ही रिटायर होताय म्हणे? अचानक?"

"वय झालं गं. हात कापतात हल्ली."

"मग आमच्या माशांकडे कोण बघणार?"

"आश्लेषा आहे. अमेय आहे. अमेय फार जीव लावतो त्यांना."

ती माझ्यासमोर बसली. पदराला हात पुसत, जरा लाजत म्हणाली, "बरे आहेत ना ते? तीर्थ घातल्यापासून?"

सांगायचं ठरवून आले होते, असं मी पुरुषोत्तमना सांगितलं होतं. तोंड उघडलंही. ऋषी कागद घेऊन माझ्या मांडीशी येऊन उभा राहिला होता, धाप लागलेली, तीन पावलं चालून.

"त्यांना पिल्लं झालीत," मी म्हटलं. "एकसष्ट. पोहताहेत."

"ऐकलंस का ऋषी? एकसष्ट बेबीज!" तिचे डोळे भरून आले. देवघराकडे बघून तिने हात जोडले. "बघा काकू, गुण आला की नाही? मी म्हटलंच होतं ह्यांना."

ती आत गेली आणि संत्र्याच्या रसाची ती बाटली घेऊन आली. धुऊन, पुसून, झाकण लावून ठेवलेली.

"तुमची बाटली. पुढच्या दसऱ्याला आठवणीने भरून द्या हं. मी स्वतः नेऊन घालीन."

मी बाटली घेतली आणि हो म्हटलं.